उभी रेघ

लालबाग, बुऱ्हाणपूर
३ सप्टेंबर २०२५

रंजिता,

पत्राच्या माथ्यावर थोरांनी आशीर्वाद लिहायचा असतो. ती ओळ मी कोरी सोडली आहे. मनात आला नाही, आणि मनात नसलेलं लिहायची मला सवय नाही.

टपालाने लिहिते आहे, कारण तू माझा नंबर तुझ्या फोनमध्ये अडवून ठेवला आहेस. सासूला अडवून ठेवायची सोय फोनमध्ये असते, हे मला नीलेशने सांगितलं. हसत सांगितलं. कुठे हसायचं आणि कुठे नाही, हे माझ्या मुलाला पस्तिसाव्या वर्षीही कळलेलं नाही. तुझ्यामागे इंदूरला बदली मागून गेला. आता दर दुसऱ्या रविवारी बसने येतो, जेवतो, झोपतो आणि जातो. तुझा विषय काढला की 'बरी आहे' म्हणतो. मी तब्येत विचारलेली नसते.

कामाचं लिहिते. तुझं फोटो छापायचं मशीन इथेच आहे. तेराव्याच्या संध्याकाळी तू एक पिशवी आणि लॅपटॉप घेऊन रिक्षात बसलीस, तेव्हा ते खिडकीखालच्या टेबलावर होतं. अजून तिथेच आहे. इतके महिने मी त्याला हात लावला नाही. आता लावावा लागणार, कारण वामनरावांचं वर्षश्राद्ध बारा नोव्हेंबरला आहे.

तू छापलेला त्यांचा फोटो बैठकीत टांगलेला आहे. रोज सकाळी मी त्याच्यासमोर बसून चहा घेते. कपाळाच्या मधोमध निघून नाकावरून, ओठांवरून हनुवटीपर्यंत उतरलेली ती लालसर रेघ रोज बघते. माणसाचा चेहरा सुरीने चिरून पुन्हा जोडल्यासारखा. तेराव्याला जेवायला आलेल्या ऐंशी लोकांनी तो पाहिला आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. ते जास्त वाईट होतं.

तेव्हा मी काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असणारच. तरी लिहिते, म्हणजे पुढे शब्द इकडचे तिकडे व्हायला नकोत. मी म्हणाले, 'सहा महिने म्हाताऱ्याचं करून ही कंटाळली होती. सुटली एकदाची. एक फोटोही धड काढून द्यावासा वाटला नाही हिला.' तू ताटं वाढत होतीस. हातातलं ताट तू खाली ठेवलंस आणि आत गेलीस. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. ती रेघ कशी घालवायची ते सांग. आणि मूळ फोटो पाठव. तो तुझ्याच लॅपटॉपवर आहे. ह्यांचा हसतानाचा तेवढा एकच फोटो. बाकी सगळ्यांत ते निवडणुकीच्या ड्युटीवर निघाल्यासारखे दिसतात.

चौतीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं आहे. लिहून दिलेल्या सूचना मला समजतात. तेव्हा शिकवू नकोस, फक्त सांग.

वैजयंती

*

१६ सप्टेंबर २०२५

रंजिता,

रविवारी नीलेशने शर्टाच्या खिशातून तुझी चिठ्ठी काढली. घामाने ओली झाली होती. आधी मला वाटलं, किराणा दुकानाची यादी आहे. मजकूर असा:

'भिंतीवरच्या बटनाने मशीन बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटनाने करा, नाही तर शाई सुकते. मेनूमधून नोजल चेक काढा. रेघ आडवी आहे की उभी?'

वर नाव नाही, खाली सही नाही. खंडव्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस आम्हाला असल्या चिठ्ठीवर हातावर पट्टी मारायच्या. तुला कुणी मारली नाही, हे दिसतंच आहे.

भिंतीवरचं बटन मी रोज संध्याकाळी बंद करते. चाळीस वर्षं वामनराव करत आले, कारण आपल्याकडे वीज कशी येते ते तुला माहीत आहे. टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटार, सगळं भिंतीवरून बंद. आता तू सांगतेस की मशीनला स्वतःच्या हाताने झोपायचं असतं, नाही तर त्याचं शाईचं तोंड उघडं राहून सुकतं. इतक्या लाडाचं यंत्र घरात आणायचं कशाला?

तुझा तो नोजल चेक, म्हणजे शाईची परीक्षा, काढला. रंगीत पायऱ्यांचा जिना छापून आला. निळ्या जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या गायब, पिवळा बरा, काळा मध्येच तुटलेला. मेनूत 'सफाई' असं एक होतं, ते केलं. नाही सुधारला. पुन्हा केलं. सात वेळा केलं. मग शनवारा भागातून दिगंबरला बोलावलं, तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा नवरा. त्याने झाकण उघडून आत बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी नापास मुलींच्या आयांकडे बघायचे.

'मॅडम, सफाई किती वेळा मारली?'

'सात.'

'अहो, मग शाई सगळी धुण्यातच गेली ना. एकदा मारायची, छापून बघायचं, नाही झालं तर रातभर सोडून द्यायचं.'

'तसं कुठे लिहिलंय?'

'लिहिलेलं कोण वाचतं मॅडम.'

मी वाचते. पण तुझ्या चिठ्ठीत ते नव्हतं. नवीन शाई भरली. मनगटापर्यंत निळी झाले, घड्याळाच्या पट्ट्यावरचा डाग अजून गेलेला नाही. माझ्या हातात त्या घड्याळाशिवाय कधी काही नसतं, तेही तू बिघडवलंस.

मूळ फोटो तू पाठवला नाहीस, म्हणून भिंतीवरच्या फोटोचा मोबाईलने फोटो काढला आणि तो छापला. पहिल्यांदा कागदाची उलटी बाजू लागली. चकचकीत बाजूने छापायचं असतं, हे दिगंबर गेल्यावर कळलं. उलट्या बाजूवर शाई मुरेना. डोळ्यांतून काळं पाणी गालावर ओघळलं. वामनराव जन्मात रडले नाहीत. त्यांची आई गेली तेव्हाही नाही. त्यांना मी रडवलं, कागदाची बाजू चुकवून. तो कागद मी बंबात घातला.

दुसऱ्यांदा सुलटी बाजू लावली. रंग छान आले. आणि चेहऱ्यावर दोन रेघा. एक तुझी जुनी, मोबाईलमधून आलेली. दुसरी आज मशीनने नव्याने काढलेली, तिच्या शेजारी, बोटभर अंतरावर.

उभी. झालं समाधान?

वैजयंती

*

२९ सप्टेंबर २०२५

रंजिता,

कालची चिठ्ठी मिळाली. 'उभी असेल तर शाईचा दोष नाही. शाईची रेघ आडवी येते. उभी म्हणजे कागदाच्या वाटेत काहीतरी अडकलं आहे आणि कागद त्याला घासून पुढे जातो. मागच्या ट्रेमध्ये टॉर्च मारून बघा. काय आहे ते तुम्हाला दिसेल.'

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्हाला दिसेल. तू काय सुचवते आहेस ते मला समजतं, आणि मी टॉर्च मारणार नाही.

तुझ्याइतकं मला यंत्रातलं कळत नाही. मान्य. त्या टेबलाशी बसून तू दिवसभर लोकांच्या बाळांचे फोटो छापायचीस. बारशाचे, पहिल्या वाढदिवसाचे, पाळण्यातले, टबमधले. सात वर्षांत गावातली दीडशे बाळं त्या मशीनमधून बाहेर पडली असतील. आपल्या घरातलं एकही नाही. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, ह्यांनी बोलू दिलं नाही. आता ते नाहीत.

त्यांनी तुला फार चढवून ठेवलं होतं. अंगात कंप सुरू झाल्यावर तर घरात एकच नाव. 'रंजू, पाणी. रंजू, चष्मा. रंजू, कुशीवर कर.' मी शेजारच्या खाटेवर असायचे, पण हाक तुला. एकदा मी पाणी घेऊन गेले. मान उचलून पेला ओठांना लावला, तर म्हणाले, 'राहू दे गं. तुझा हात टोचतो.' एक्केचाळीस वर्षांनी त्यांना कळलं की माझा हात टोचतो. मग तू आलीस, ओल्या हातांनी, कणकेच्या. त्या हाताने ते गटागटा प्याले.

हे तू पाहिलं होतंस. मी दारात उभी होते, तेही तू पाहिलंस. तू नजर खाली घातलीस. ती नजर खाली घालणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

तेव्हा मला सूचना देताना 'तुम्हाला दिसेल' वगैरे लिहू नकोस. मला खूप काही दिसतं.

फोटो पाठव. सहा आठवडे राहिले.

वैजयंती

*

३ ऑक्टोबर २०२५

रंजिता,

काल दसरा झाला. वर्ष सरलेलं नाही, म्हणून आपल्याकडे पूजा नव्हती, तोरण नव्हतं. समोरच्यांनी त्यांच्या स्कूटरला हार घातला. मी दार लोटून घेतलं.

मशीनच्या मागच्या ट्रेमध्ये बघितलं. धूळ होती. काढली. रेघ गेली. आता कागद स्वच्छ येतो. तुळशीचा फोटो काढून छापला, पान न् पान दिसतं. निळ्या जिन्याच्या पायऱ्याही सगळ्या आहेत, कारण आता मी मशीन त्याच्याच बटनाने बंद करते.

तेव्हा तो विषय संपला. मूळ फोटो नीलेशबरोबर दे.

वैजयंती

*

१४ ऑक्टोबर २०२५

रंजिता,

नीलेशने चिठ्ठी दिली. दोन शब्द. 'काय होतं?'

त्याला मी विचारलं, 'तिने तोंडी काही सांगितलंय का?' तो म्हणाला, 'नाही. तुम्ही दोघी बघून घ्या ना, मला यात नका घेऊ.' आणि मावा जिलेबी आणायला गेला. परत आला तेव्हा तू कशी आहेस याची चौकशी मी करीन, अशी त्याला आशा होती. मी जिलेबी खाल्ली.

बरं. लिहिते. दोन दिवसांत हे पत्र मी मनात चारदा लिहिलं आणि प्रत्येक वेळी त्यात धूळच लिहिली. पण खोटं लिहायची सवय नाही असं पहिल्या पत्रात लिहून बसले आहे.

तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला, सुकून खड्यासारखा. ट्रेच्या तळाशी, जिथून कागद आत ओढला जातो तिथल्या फटीत, मधोमध, जरा डावीकडे बसला होता. तुझे बाळांचे छोटे फोटो उजव्या कडेने जातात, त्यांना तो कधी लागला नाही. मोठा कागद घातला की लागायचा. मी भुवयांच्या चिमट्याने काढला. वाटीत टाकला तेव्हा वाजला.

तो तिथे कसा गेला, हे तुला माहीत आहे. मलाही माहीत होतं. टॉर्च मारायच्या आधीपासून माहीत होतं. कधीपासून, ते विचारू नकोस.

गेल्या वर्षीचा दसरा. ह्यांना दोन माणसांनी धरून खुर्चीत बसवलं होतं, पण पूजा मीच करणार म्हणून हट्ट. मिक्सरला कुंकू, मोटारीला कुंकू, नीलेशच्या गाडीला, माझ्या जुन्या शिवणयंत्राला. ताट माझ्या हातात होतं. शेवटी तुझ्या मशीनशी आले. बोटांनी गंध ओढलं, हळद लावली आणि अक्षता उचलल्या. तू पुढे झालीस. 'बाबा, आत नका टाकू हं, वरून वाहा.' ते हसले. म्हणाले, 'अगं, त्यालाबी भूक लागते ना.' त्यांचा हात इतका हलत होता की अर्ध्या अक्षता टेबलावर, अर्ध्या झडपेत. तू ट्रेवर हात आडवा धरलास.

आणि मी म्हणाले, 'हात काढ. सासऱ्याला पूजा शिकवतेस? वर्षाचा सण आहे.'

तू हात काढलास.

इतकंच आहे. यात माझा गुन्हा काय ते मला दिसत नाही. पूजेत अक्षता वाहतात. हजारो घरांत मशीनवर वाहतात. माणूस सहा आठवड्यांनी जाईल आणि त्याच मशीनमधून त्याचा फोटो निघेल, हे मला कसं कळावं? तू तेराव्याला का नाही बोललीस? ऐंशी माणसांसमोर मी बोलत होते, तुला तोंड नव्हतं? 'आई, अक्षता अडकली असेल' एवढं म्हणायचं. ताट खाली ठेवून आत जायचं नाटक कशाला?

मला ठाऊक आहे का बोलली नाहीस. म्हणजे मग दोष त्यांच्या हाताला गेला असता. ती रेघ त्यांनीच स्वतःच्या चेहऱ्यावर ओढली असं झालं असतं. तू त्यांना वाचवलंस. आणि मला ते ह्या वयात, भुवयांच्या चिमट्याने काढावं लागलं.

वैजयंती

*

२८ ऑक्टोबर २०२५

रंजिता,

तुझा पेन ड्राइव्ह मिळाला आणि अट मिळाली. 'फोटो देते. बारा तारखेला सगळ्यांसमोर सांगा, रेघ कशाने आली. बाकी काही नको.'

मी नीलेशला विचारलं, 'तुला माहीत आहे यात काय लिहिलंय?'

'माहीत आहे.'

'आणि तुझं म्हणणं काय?'

'तिचं बरोबर आहे, आई.' एवढं म्हणाला आणि माझ्याकडे न बघता बुटाची नाडी बांधायला लागला. दोन मिनिटं बांधत होता. एकच नाडी.

ठीक. सांगीन. शब्द देते. बारा तारखेला जेवणं झाल्यावर, सगळे बैठकीत असताना मी उभी राहीन आणि सांगीन की रेघ अक्षतेमुळे आली होती, सुनेने सावध केलं होतं आणि मी तिला हात काढायला लावला होता. एवढंच हवंय ना तुला. मी दिलेला शब्द मोडल्याचं कुणी सांगून दाखवावं.

पण हा फोटो तू मुद्दाम पाठवलास. मला वाटलं होतं, भिंतीवर आहे तेवढाच असेल. चेहरा आणि खांदे. पडद्यावर उघडला तर हा एवढा मोठा. दसऱ्याचाच. नीलेशने काढलेला, नेमका त्या क्षणी. मध्ये वामनराव, मान वळवून हसताहेत. पुढे टेबलावर मशीन, गंधाचा टिळा लावलेलं, ट्रेवर अक्षता दिसताहेत. मोजता येतील. ह्यांच्या उजवीकडे तू, वाकलेली, हिरव्या बांगड्यांचा हात त्यांच्या खांद्यावर, खुर्चीतून पुढे झुकू नयेत म्हणून. आणि डाव्या कडेला मी. ताट धरून. माझं तोंड उघडं आहे. 'हात काढ' म्हणून झालं होतं, की म्हणत होते, ते फोटोत कळत नाही.

ते तुझ्याकडे बघून हसताहेत. वर्षभर मी त्या हसण्यासमोर चहा घेतला. मला वाटायचं, समोर बसलेल्याकडे बघताहेत.

तेराव्याच्या फोटोत तू स्वतःला कापून काढलं होतंस. मलाही कापलं होतंस. त्यांच्या खांद्यापर्यंतच ठेवलं होतंस, आणि खांद्यावरचा तुझा हात कॉम्प्युटरवर पुसून तिथे शर्टाचा रंग भरला होतास. चष्मा लावून भिंतीवरचा फोटो पुन्हा पाहिला, तिथे कापड जरा सपाट दिसतं. इतकं काम तू बाराव्याच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना केलंस, आणि मी म्हणाले, हिला धड काढून द्यावासा वाटला नाही.

असो. मला पुसायचं जमत नाही. कात्री जमते.

वैजयंती

*

१४ नोव्हेंबर २०२५

रंजिता,

वर्षश्राद्ध पार पडलं. नीलेश काल रात्री परत गेला, पण तो तुला काही सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

फोटो आदल्या दिवशी छापला. मोठा कागद, चकचकीत बाजू. आधी जिना काढून पाहिला, सगळ्या पायऱ्या होत्या. मशीनने हळूहळू वरून खाली सोडला. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. एकही रेघ नाही. पाच वर्षांनी तरुण दिसत होते. शाळेतल्या माझ्या कात्रीने मी आधी खालून मशीन कापलं. मग डावीकडून मला कापलं. मग तुला. पण तुझा हात निघेना. तो काढायचा तर ह्यांचा खांदा जात होता आणि कानाचा तुकडा. मी तीनदा कात्री लावली आणि तीनदा मागे घेतली. शेवटी चार बोटं आणि दोन हिरव्या बांगड्या तिथेच राहिल्या.

माणसं साठेक आली. फोपनारहून धुरपदावन्सं आल्या, केळीचा घड घेऊन. त्या माझ्या मोठ्या नणंद, म्हणजे त्यांना काहीही विचारायचा अधिकार आहे, आणि एक्केचाळीस वर्षांत त्यांनी माझं नाव एकदाही नीट घेतलेलं नाही. दुसरी पंगत चालू होती. त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. पदराने डोळे पुसले.

'आता कसा मव्हा वामन दिसून राहिला. त्या टायमाले त चेहराच चिरेल व्हता. काय वं वैजंता, ती रेघ कशानं आलती मंग?'

बघ, उभं राहायचीही गरज नव्हती. त्यांनीच विचारलं. सगळ्यांनी माना वर केल्या. शाळेतल्या बाया, बहादरपूरचे नातेवाईक, दिगंबरसुद्धा. नीलेश भाताचं पातेलं घेऊन मधोमध उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. दोन आठवडे पाठ केलं होतं.

मी म्हणाले, 'मशीन बिघडलं होतं. आता दुरुस्त झालं.'

हे खोटं नाही. तरी तू ते खोटं म्हणशील.

वन्सं अजून फोटोपाशीच होत्या. नाक लावून बघत होत्या. 'आन हा खांद्यावर हात कोनाचा?'

'माझा,' मी म्हणाले.

'तुह्या हातात बांगड्या? मी त जल्मात नाही पाह्यल्या. लगनातबी तू घड्याळ लावून उभी व्हती.'

लोक हसले.

'दसरा होता,' मी म्हणाले. 'ह्यांनीच घालायला लावल्या.'

वन्सं माझ्या मनगटाकडे बघत राहिल्या. मी हात पदराखाली घेतला नाही. मग त्यांनी नीलेशकडे पाहिलं. तुझा हात त्याला ठाऊक आहे. अंगठ्याच्या मुळाशी तव्याचा चटका आहे तुला, फोटोत तोही आलाय. त्याने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. खरं सांगते, एक क्षण मला वाटलं की बोलावा.

तो म्हणाला, 'आत्या, भात वाढू?'

माझाच मुलगा आहे. तू त्याच्याबरोबर आयुष्य काढणार आहेस, म्हणून हे तुला माहीत असावं.

मी शब्द मोडला. ते लिहून देते आहे, सहीनिशी. हे पत्र घेऊन तू बुऱ्हाणपुरात कुणाच्याही दारात जाऊ शकतेस. तू जाणार नाहीस. तू तेराव्यालाही बोलली नाहीस. त्याच भरवशावर मी 'माझा' म्हणाले.

आता मी सकाळी चहा घेते तेव्हा ते हसताहेत आणि त्यांच्या खांद्यावर हात आहे. येणारा-जाणारा म्हणतो, किती प्रेमाने ठेवलाय. मी हो म्हणते. दोन दिवसांत मला त्याची सवय झाली आहे. परवा वन्सं गेल्यावर मी बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या. विधवेने हिरव्या घालायच्या नसतात म्हणून कपाटात ठेवल्या आहेत.

मशीन न्यायचं असेल तर ने. ते आता अगदी निर्दोष छापतं. फोटोचा कापलेला तुझा भाग मी फाडला नाही, पाकिटात घातला आहे. चेहरा छान आला आहे तुझा. फक्त हात मनगटापाशी संपतो.

पत्राच्या माथ्यावर आशीर्वादाची ओळ मी याही वेळी लिहिलेली नाही. पण ती जागा कोरी नाही. तिथे चिकटपट्टीखाली तो दाणा आहे. त्यांच्या हातचा आहे. जपून काढ.

वैजयंती